घर मागे बांधून घाट चढताना

कोलोरॅडोतल्या मराठी मंडळींत मे महिना आला की कॅम्पर ट्रेलरचा विषय निघतोच. कुणाच्या शेजाऱ्याने घेतलेला असतो, कुणी भाड्याने आणून पाहिलेला असतो. ज्याच्या दारात पिकअप उभा आहे त्याला विक्रेत्याने सांगितलेलं असतं, "ही गाडी साडेचार-पाच टन सहज ओढते." ते खोटं नसतं. पण रॉकी पर्वतात ट्रेलर नेणाऱ्यापुढचा प्रश्न तो ओढण्याचा नसून थांबवण्याचा असतो, आणि तो दुकानात कुणी काढत नाही.

आम्ही बरीच वर्षं २४ फुटी ट्रेलर घेऊन इथल्या खिंडी ओलांडतोय. गाडी बहुतेक वेळा मी चालवते. नवऱ्याला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला आवडतं, घाट आवडत नाही, त्यामुळे वाटणी आपोआप झाली. माझे एक मामा निवृत्त एसटी ड्रायव्हर. पोलादपूर-महाबळेश्वरचा आंबेनळी घाट त्यांनी लाल डब्यातून वर्षानुवर्षं चढला-उतरला. ते एका उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते, तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी जे शिकवलं तेही यात आलं आहे. नवे ट्रेलरवाले जे विचारतात त्याची ही उत्तरं.

१. आधी दारावरचं स्टिकर वाचा

जाहिरातीतला ओढण्याचा आकडा विसरा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात, आणि चौघांच्या कुटुंबाचा हिशेब ओढण्याच्या क्षमतेच्या कितीतरी आधी इथे संपतो.

एक उदाहरण मांडून बघू. समजा पेलोड ७३० किलो आहे. ट्रेलर भरून २,५५० किलोचा झाला. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार त्याच्या पुढच्या टोकावरून, म्हणजे जिभेवरून, गाडीच्या मागच्या बाजूवर येतो. साडेबारा टक्के धरले तर झाले ३२० किलो. मजबूत हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा, ४० किलोची. चार माणसं २७० किलो. उरले शंभर. त्यात सायकली, जळाऊ लाकूड, बर्फाची पेटी आणि जनरेटर बसवा बघू! कागदावर पाच टन ओढणारी गाडी अडीच टनांच्या ट्रेलरलाच भरून जाते ती अशी.

ट्रेलरच्या माहितीपत्रकात छापलेलं वजन कोऱ्या, रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात गॅसचे सिलिंडर, बॅटरी, चटया, भांडीकुंडी आणि आपल्याकडची तांदळाची पिशवी नसते. म्हणून सगळं भरून, सगळ्यांना बसवून, एकदा हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी लिहिलेला कागद हातात मिळतो. त्याला खर्च किरकोळ येतो. माझ्या मते या कागदाशिवाय आय-७० महामार्गावर पश्चिमेला, डोंगरांकडे, निघू नये.

२. किती वजन आहे, तितकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं

गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाकं उचलतो, हे सातारा-कोल्हापूरकडच्या कुणीही पाहिलेलं असेल. पिकअपची चाकं उचलली जात नाहीत, पण तेच थोड्या प्रमाणात होतं. मागचं बूड दबतं, पुढचं टोक हलकं होतं, स्टिअरिंग सैल लागतं, आणि पुढचे ब्रेक, ज्यांच्यावर थांबण्याचं बहुतेक काम असतं, ते आपला वाटा उचलत नाहीत. यावर उपाय म्हणजे स्प्रिंगच्या दांड्यांची हिच. ती भार उचलून पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटते. पण तिच्यामुळे पेलोड वाढतो असं मात्र कुणी समजू नये.

उलट बाजूची चूक जास्त घातक. जीभ हलकी झाली, म्हणजे जड सामान ट्रेलरच्या मागच्या कपाटात गेलं किंवा सायकलींचा रॅक मागच्या बंपरवर लावला, की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जड सामान चाकांच्या वर किंवा थोडं पुढे, जमिनीलगत ठेवावं. वरच्या कपाटात पापड आणि पोह्यांची पाकिटं, खाली कुकर.

३. पाणी वर जाऊन भरा

एका लिटरला एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरून नेणं म्हणजे दोन मोठी माणसं फुकट ओढून नेणं. बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ असतो. तो नाही असं आधी कळलं असेल तरच भरून न्या, आणि टाकी जिभेजवळ आहे की मागे हे पाहून वर सांगितलेला हिशेब पुन्हा करा.

४. जोडणी एकाने करायची आणि त्या वेळी त्याच्याशी बोलायचं नाही

हिचचा गोळा ट्रेलरच्या तोंडात नीट बसला का, खटका लागला का, पिन घातली का, दोन्ही साखळ्या जिभेखालून एकमेकींना ओलांडून लावल्या का (टोक सुटलंच तर ते रस्त्यावर न पडता साखळ्यांवर झेलावं म्हणून), विजेची वायर, ब्रेकचे दिवे, पुढचा जॅक वर. शेवटी ती बारीक वायरदोरी. ट्रेलर पूर्ण सुटला तर ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ती साखळीला अडकवतात ते चूक. साखळीबरोबर तीही गेली तर उपयोग काय? तिला गाडीवर स्वतंत्र जागा हवी.

हे काम आमच्याकडे नवरा करतो. त्याचं झालं की मी स्वतः पहिल्यापासून पुन्हा बघते. त्याला त्याचा राग येत नाही आणि यायचं कारणही नाही. मुलं त्या वेळी गाडीत बसलेली असतात. "बाबा, चार्जर कुठे आहे?" या प्रश्नाने पिन राहून जाते.

टायरचंही इथेच. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा थंड असताना, बाजूवर लिहिलेल्या दाबाइतकी भरावी. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाला ते असतं. ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने उभा असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदलून टाका.

५. चढावर इंजिन ओरडलं तर ओरडू द्या

डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथून पश्चिमेला जाणारा आय-७० जॉर्जटाउन गाव सोडल्यावर वीसेक किलोमीटरमध्ये सुमारे साडेसातशे मीटर चढतो आणि आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी ११,००० फुटांवर पोचतो. हा बोगदा १९७३ साली सुरू झाला, शेजारची दुसरी नळी १९७९ साली. त्याआधी सगळी वाहतूक डोक्यावरच्या ११,९९० फुटी लव्हलँड खिंडीतून जायची.

दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे बोगद्यापाशी समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश गायब. टर्बो असेल तर ही घट बरीच कमी होते. पण विरळ हवेचा दुसरा परिणाम टर्बोवाल्यांनाही चुकत नाही. रेडिएटरमधून जाणारी हवाही विरळच असते आणि इंजिन थंड करण्याचं तिचं बळ कमी पडतं.

म्हणून खालचा गिअर घ्या, टो मोड लावा, इंजिनाचे फेरे चार हजारांवर गेले तरी घाबरू नका. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असतं. खालच्या फेऱ्यांवर, जड गिअरमध्ये गुरगुरत चढवणं त्याला जास्त जाचतं. काट्याकडे लक्ष हवं ते इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या तापमानाच्या. तो चढू लागला तर एसी बंद, त्यानेही भागलं नाही तर खिडक्या उघडून हीटर सुरू. जुलैत हीटर लावून बसलेलं कुटुंब हास्यास्पद दिसतं, पण त्याने इंजिनातली बरीच उष्णता बाहेर निघते. तरीही उतरला नाही तर पहिल्या रुंद जागी थांबा. इंजिन बंद करायची घाई मात्र करू नका, त्याला थोडा वेळ मंद चालू द्या.

पेट्रोल आधीच भरून घ्या. ट्रेलर मागे लागला की मायलेज जवळपास निम्मं होतं.

६. उजवी लेन तुमची

ताशी ४५ मैलांनी चढत असाल तर उजव्या लेनमध्ये, ट्रकांच्या मागे चला. पुढच्या ट्रकला ओलांडायचा मोह नव्वद टक्के वेळा फुकट जातो. दोन लेनच्या घाटरस्त्यावर मागे रांग लागली तर थांब्याच्या जागी बाजूला होऊन सगळ्यांना जाऊ द्या. आपण रिसेप्शनच्या रांगेत मागून आलेल्यांना पुढे सोडत नाही, हे ठाऊक आहे. इथे सोडावं.

अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम भारतात आहे तसाच कोलोरॅडोतही आहे. इथल्या पर्यटकांना तो आपल्याकडच्या टेम्पोवाल्यांइतका पाठ नसतो, एवढाच फरक.

७. उतार

सगळ्यात जास्त इथेच लिहायचं आहे.

बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत तेरा-एक किलोमीटरचा उतार आहे आणि पाटीवर सात टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सात मीटर खाली. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ला एक आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. सात टक्के म्हणजे १४ला एक. रुळांवरची आणि रस्त्यावरची गोष्ट वेगळी हे खरं, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता हिशेब. आमचा पिकअप, माणसं, ट्रेलर मिळून पाच टनांवर वजन. ते सहाशेहून जास्त मीटर खाली उतरवायचं म्हणजे आठ-नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा दहा-पंधरा मिनिटांत कुठेतरी जिरवायची. काही वारा खातो. बाकीची एकतर इंजिन अडवेल, नाहीतर ब्रेक पितील. ब्रेक पीत राहिले की तापतात. आधी वास येतो, मग पेडल मऊ लागतं, मग पाय खाली जात राहतो आणि वेग तसाच राहतो.

मामांनी पहिल्याच उतारावर विचारलं, "चढताना कितवा टाकला होतास?" मी म्हटलं, मामा, गाडी ऑटोमॅटिक आहे, दहा गिअर आहेत, तिचं ती बघते. "तिला उतार दिसतोय का? तुला दिसतोय ना? मग तू टाक. ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतर." हा नियम आपल्याकडच्या ट्रक-एसटीवाल्यांचा फार जुना, आणि आजच्या ऑटोमॅटिकवरही तो जवळपास तंतोतंत लागू पडतो. गिअर हाताने निवडायची सोय जवळजवळ प्रत्येक पिकअपमध्ये असते. तो उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच, वेग कमी करून टाकायचा. उताराला लागल्यावर वेग चढला आणि मग गिअर शोधत बसलात तर गाडी तो घेणारही नाही.

गिअर अडवत असताना वेग हळूहळू चढतोच. तुम्ही ठरवलेल्या वेगाला पोचला की ब्रेक ठामपणे दाबा, पाचेक मैल खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. परत चढला की परत तसंच. मधल्या वेळात ब्रेकला हवा लागते. हलका पाय सतत ठेवून उतरणारे स्वतःला सावध समजतात, आणि तळाशी धूर त्यांच्याच चाकांतून निघतो. न्यूट्रल तर अजिबात नको. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांविषयी मामांचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात आणि त्यांचा जोर डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने कमी-जास्त करता येतो. तो निघण्याआधी, रिकाम्या सपाट रस्त्यावर लावून घ्या. जोर कमी असला की ट्रेलर मागून ढकलतो, जास्त असला की त्याची चाकं धरली जाऊन घासतात. त्याच कंट्रोलरला एक छोटा खटका असतो, त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. आपला हात अंधारातही त्यावर जाईल एवढी सवय करा, पुढच्या मुद्द्यात त्याचं काम आहे.

उताराच्या कडेला वाळू-खडीने भरलेले, उलटे वर चढत जाणारे रस्ते दिसतात. ब्रेक गेलेल्या गाडीने त्यात शिरायचं, चाकं खडीत रुततात आणि गाडी थांबते. बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळघाटात आवरत नसलेल्या रेल्वेगाडीसाठी कॅच सायडिंग असतं, त्याचाच हा भाऊबंद. पाटीवर ट्रक लिहिलेलं असलं तरी वेळ आली तर तुम्हीही शिरा. ट्रेलर मोडेल, मोडू दे.

आणि परतीच्या वाटेवर विशेष सावध राहा. डेन्व्हरकडे येताना डोंगर संपल्यासारखा वाटतो, मैदान दिसू लागतं, शहर दिसू लागतं, आणि नेमक्या तिथे ट्रकवाल्यांसाठी मोठी पाटी आहे: फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं बाकी आहेत. रस्तेखात्याने उगाच पैसे घालून ती लावलेली नाही.

खाली पोचल्यावर थांबा. ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात न्या, लावू नका. चारही सारखे गरम असतील तर ठीक. एकच जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. एकच थंडगार असेल तर त्याचा ब्रेक लागतच नाहीये.

८. ट्रेलर डोलू लागला तर

मोठा ट्रक बाजूने गेला, आडवा वारा आला, की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. पाय ब्रेककडे धावतो, तो आवरा. गाडीचे ब्रेक दाबले की मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि झोके वाढतात. स्टिअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवू नका, अॅक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरचा तो खटका दाबा. ट्रेलर मागून ओढला जाऊन सरळ होतो. मग थांबून सामान बघा. नीट भरलेला ट्रेलर सहसा डोलत नाही.

९. दुपारी खिंडीत नको

जुलै-ऑगस्टमध्ये इथे सकाळ निरभ्र असते आणि दुपारी ढग चढून विजा, गारा, वारा सुरू होतो. उंच खिंडी बाराच्या आत ओलांडा. सकाळी आठला निघायचं ठरवून अकराला निघणाऱ्या कुटुंबांनी (आम्ही सगळेच) आदल्या रात्री ट्रेलर जोडून ठेवावा. सप्टेंबरपासून मे अखेरपर्यंत आय-७० च्या डोंगरी टप्प्यावर बर्फाच्या टायरांचे नियम लागू असतात. त्या दिवसांत ट्रेलर घरीच ठेवा.

१०. वर पोचल्यावरचं थोडं

साडेनऊ हजार फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजवूनही दाताखाली येते. कुकर न्या, त्याची रबरी रिंग जादा न्या. पाकिटं फुगतात, शाम्पूच्या बाटल्या थुंकतात, लोणच्याची बरणी फ्रिजच्या दारात ठेवू नका. भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना विमानतळावरून थेट दहा हजार फुटांवर झोपायला नेऊ नका. एक-दोन रात्री डेन्व्हरमध्ये काढा, मग वर. डोकेदुखी, मळमळ वाढतच गेली तर गोळी देऊन वाट बघू नका, खाली उतरा.

११. कुठे न्यायचा आणि कुठे नाही

सुरुवातीला यूएस २८५ वरची केनोशा खिंड बरी, साधारण १०,००० फूट. तिच्याआधी बेली गावाकडे उतरणारी क्रो हिल मात्र चांगली तीव्र आहे, तिथेच सातव्या मुद्द्याची उजळणी होते. मग यूएस ५० वरची मोनार्क, ११,३१२ फूट. इंडिपेन्डन्स खिंडीत गाडी आणि ट्रेलर मिळून ३५ फुटांच्या वर लांबी असेल तर बंदीच आहे. पिकअपला २४ फुटी ट्रेलर लावला की हा आकडा केव्हाच ओलांडलेला असतो, आणि नकाशाचं ॲप हे सांगेलच असं नाही.

आणि ज्याचे फोटो पाहून सगळ्यांना जायचं असतं तो यूरे ते सिल्व्हरटनचा रस्ता. रेड माउंटन खिंड, ११,०१८ फूट. यूरेहून वर निघाल्यावर दरीच्या काठाने जाणारी लेन तुमची असते आणि मोठ्या पट्ट्यात कठडा नाही. ट्रेलर घेऊन लोक जातात, कायद्याने मनाई नाही. मी नेत नाही. यूरेच्या अलीकडे रिजवे स्टेट पार्कमध्ये ट्रेलरसाठी चांगल्या जागा आहेत. तिथे ट्रेलर सोडा, चाकांना ठोकळे लावा आणि नुसत्या गाडीने सिल्व्हरटनला जाऊन या. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर भरतात, तेव्हा बुकिंग काही महिने आधीच करा.